हिरानं सांगितलेला कौल

नाटे गावाच्या बंदरावर हिराच्या जिभेला कोणी तोंड द्यायला जात नाही. बांगड्याचा भाव कोणी पाडून मागितला, तर त्याच्या तीन पिढ्यांची विचारपूस केल्यावरच ती टोपलीवर फडकं ओढते. अशी बाई कुणाला भीत असेल असं शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून पटलं नसतं. पण ती भीत होती, आणि तेही एका बाईला. ती बाई समुद्रापार, डेन्मार्कात राहत होती.

तिचं नाव सिग्ने डालगोर. हिराला ते नाव धड घेता येईना, म्हणून ती तिला डेन्मार्कवाली म्हणायची. व्यावसायिक बॉक्सिंगमधली जगज्जेती. सतरा वर्षांत चोवीस लढती, बावीस जिंकलेल्या, त्यातल्या चौदा समोरचीला आडवी करून. हे सगळं मासेवालीला तोंडपाठ असायचं कारण एकच. तिची एकुलती लेक वेदिका त्या बाईसमोर उभी राहणार होती.

वेदिका चोवीस वर्षांची. बारा वर्षांपूर्वी शाळेत एका दांडगट मुलाचं नाक फोडून घरी आली, तेव्हा हिरानं तिला बदडली आणि बाप भिवा पोट धरून हसला. भिवा ट्रॉलरवर तांडेल, खलाशांचा म्होरक्या; महिन्यातले वीस दिवस समुद्रात, त्यामुळे हसायचं काम त्याचं आणि पोरीमागे धावायचं हिराचं. शाळेतल्या बाईंनी पोरीला रत्नागिरीला महिपत सरांकडे बॉक्सिंग शिकायला पाठवलं. सर फौजेतून निवृत्त झालेले, बोलायला तुसडे, शिकवायला पक्के. जिल्हा झाला, राज्य झालं, देशाचं पदक झालं. दोन वर्षांपूर्वी ती व्यावसायिक झाली. सात लढती, सातही जिंकली, पण समोरच्या सगळ्या तिच्यासारख्याच नवख्या.

आणि एक दिवस डेन्मार्कहून निरोप आला. डालगोरची शेवटची लढत, तिच्याच गावात, एस्बियर्गला, जगज्जेतेपदाचा पट्टा पणाला लावून. ठरलेल्या मुलीचा हात मोडलाय. पाच आठवड्यांत तुमची येईल का?

त्या दिवसापासून हिरा मासे साफ करताना समोर फोन उभा करून त्या बाईच्या लढती बघायची. आवाज बंद करून, कारण ठोशाचा आवाज तिला सहन होत नसे. सगळी कारकीर्द तिनं बघितली. विशीतली सडपातळ पोर, मासेमारीच्या बंदरावरची, बापाची होडी मागे दाखवलेली. हिराला वाटलं, अगो, ही आपल्यातलीच. मग पहिला पट्टा. मग जबडा मोडून पट्टा गेला, वर्षभर ती कुठं दिसलीच नाही, आणि परत आली ती अशी की समोर उभ्या राहणाऱ्या बाईची कीव यावी. परतल्यानंतरची तिसरी लढत हंगेरीच्या मुलीशी. डालगोरचा डावा हूक, बाजूनं फिरवलेला ठोसा, तिच्या कानामागे बसला आणि ती मुलगी उठली ती चार माणसांच्या हातांवर. पुढे ती कधी लढली नाही. तिला स्वतःच्या हातानं जेवता येत नाही, असं खाली लिहिलेलं शेजारच्या पोरीनं, दर्शनानं, वाचून दाखवलं. त्या दिवशी हिरानं अर्धी टोपली तशीच मांजरांना घातली.

"सर, ही माझ्या पोरीला मारून टाकील," ती महिपत सरांना फोनवर म्हणाली.

"हिराताई, तुम्ही जुन्या लढती बघता. शेवटच्या दोन बघा. बाई सदतीस वर्षांची आहे. पाय उचलत नाहीत, ठोसा उशिरा दिसतो तिला. मुलाखतीत बोलताना शब्द शोधते. संपलीय ती. म्हणून तर ही संधी."

हिरानं त्या दोन्ही लढती पुन्हा बघितल्या. सर म्हणाले ते खरं होतं. पण आईला तेवढंच दिसतं जेवढं आपल्या पोरीवर येणार असतं. तिला त्या बाईचे जड पाय दिसले नाहीत, डावा हात तेवढा दिसला.

वेदिकाचं एकच म्हणणं होतं. होडी पाण्यात लोटायची असो, लग्न ठरवायचं असो, गावात आधी देवीला कौल लावतात. गुरव देवीच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे भिजलेले तांदूळ चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवीपुढे मागणं मांडतो, आणि थांबतो. उजवीकडचा दाणा आधी पडला तर हो, डावीकडचा पडला तर नाही. सात लढतींच्या आधी सातदा कौल लावला होता, सातदा उजवा पडला होता.

"देवी नाय म्हणाली तर मी परत नाव काढूची नाय," वेदिका म्हणाली. "पण तू जाऊन विचार. माझ्यान बघवायचा नाय."

हिरा सकाळी आंघोळ करून देवळात गेली. जाताना तिनं मनातल्या मनात देवीला लाच देऊ केली, दोन खण आणि नारळाचं तोरण, फक्त डावा दे. आप्पा गुरवांनी दाणे लावले, डोळे मिटून गाऱ्हाणं घातलं. दोघं थांबली. पाषाणावरून पाण्याचा ओघळ खाली आला आणि डावीकडचा दाणा टपकन पडला.

"डावा," आप्पा म्हणाले. "नको म्हणते."

हिरानं पायरीवर डोकं टेकलं. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. घरी येईपर्यंत ती चक्क गुणगुणत होती.

अंगणात वेदिका दोरीवरच्या उड्या मारत होती. आईचं मोकळं झालेलं तोंड तिनं फाटकातूनच बघितलं आणि ती थांबली. दोरी नीट गुंडाळली, हाताच्या पट्ट्या सोडायला लागली, आणि मग हसली. "डावा पडला ना? असूंदे. चल, आज मी येतंय तुझ्यासोबत बंदरावर."

ते हसू हिराला झेपलं नाही. पोर रडली असती, आदळआपट केली असती, तर हिरा खंबीर राहिली असती; तेवढी ती आहे. पण बारा वर्षं पहाटे उठून धावणारी पोर आईला वाईट वाटू नये म्हणून हसत होती.

"कोण बोलला डावा?" हिरा म्हणाली. "उजवा पडला."

शब्द तोंडातून गेला. वेदिकानं तिला उचलून गरागरा फिरवली. फिरताना हिराला वाटलं, आता बोलावं, चेष्टा केली म्हणावं. पण बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बोलू असं तिनं ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी तिकिटं निघाली.

चार दिवसांनी आप्पा मासे घ्यायला आले. पापलेटांवरून नजर न काढता म्हणाले, "गावात ऐकला, पोरगी जाते म्हणून."

"आप्पा, तुमच्या पाया पडतंय, कुणाला बोलू नका."

"मी कशाला बोलू? देवीचा काय ता देवी बघील. तुला झोप लागते काय, एवढाच सांग."

झोप कुठली! डोळा लागला की हंगेरीची मुलगी दिसायची आणि जवळ जाऊन बघावं तर तोंड वेदिकाचं. दिवसा ती हातातलं काम टाकून पोरीकडे बघत बसायची. निघायच्या आदल्या सकाळी तिनं वेदिकाच्या डोक्याला खोबरेल लावलं. बोटांखाली ते डोकं, कानामागची खोलगट जागा, तिथली बारीक ठकठक. बाळ असताना टाळू भरायची तेव्हा जपून लावायची तसाच हात चालत होता. सांग, सांग, असं मन ओरडत होतं. कानामागे तिनं पुन्हा पुन्हा तेल जिरवलं आणि शेवटी वेदिकाच म्हणाली, "आये, बस गो. उशी बुडेल."

लढत तिथल्या दुपारी होती, म्हणजे इकडे तिन्हीसांज. दर्शनानं फोन टीव्हीला जोडून दिला. घर माणसांनी भरलं. भिवा समुद्रावर, त्याला रेंज नव्हती. हिरानं देवाजवळ दिवा लावला, पण देवीच्या नावानं हात जोडायचं धाडस तिला होईना. कुठल्या तोंडानं मागणार?

घंटा झाली. डेन्मार्कवाली फोनमध्ये दिसायची त्याहून उंच होती. वेदिका तिच्या खांद्याला लागत होती. पहिल्या दोन फेऱ्या वेदिकानं खाली वाकून तिच्या बरगड्यांवर ठोसे मारले. तिसऱ्या फेरीत तो डावा हात आला. हिरानं तो येताना बघितला, टीव्हीवाल्यांच्या आधी, पोरीच्या आधी. "मान खाली!" ती किंचाळली. वेदिका पडली.

हिरा उठली ती थेट मागीलदारी. विहिरीच्या कठड्याला धरून उभी राहिली. आतून आकडे मोजल्याचं ऐकू येत होतं. मीच मारली, ती म्हणत होती, देवी सांगत होती आणि मीच मारली. मग दर्शनाची हाक आली, "काकी, उठली! उठली ती!"

हिरा आत आली आणि मग जागची हलली नाही. पाचवी फेरी, सहावी. डेन्मार्कवालीचा श्वास उघड्या तोंडानं चालला होता. हात खाली येत होते. पहिल्या रांगेत एक पांढऱ्या केसांची म्हातारी बसली होती, कॅमेरा सारखा तिच्यावर जात होता. सगळा हॉल ओरडत होता, ती तेवढी ओठांवर मूठ दाबून गप्प. हिराला तिचं नवल वाटलं नाही. तिचीही मूठ ओठांवरच होती.

सातव्या फेरीत वेदिकाचा उजवा ठोसा सरळ गेला आणि कानशिलावर बसला. डेन्मार्कवाली दोरावर टेकली, जराशी बसल्यासारखी झाली आणि हळूच खाली घसरली. पंचांनी दोन्ही हात हलवून लढत संपवली.

घर फुटायचं तेवढं बाकी राहिलं. कोणी फटाके लावले, कोणी साखर वाटली, दर्शनानं हिराला मिठीत आवळलं. आणि हिरा हसली. मोठ्यानं, वेड्यासारखी हसली. देवी चुकली! आयुष्यात पहिल्यांदा देवी चुकली आणि माझं पोर वाचलं. ती खाली बसली आणि रडत हसत राहिली.

मग तिचं लक्ष टीव्हीकडे गेलं. माणसं वाकली होती. एकानं कापड आडवं धरलं. दोराबाहेर ती म्हातारी उभी होती आणि तिला कोणी आत सोडत नव्हतं. वेदिका कोपऱ्यात, हात वर न करता, त्या कापडाकडे बघत होती. घरातले लोक नाचतच होते. स्ट्रेचर आलेलं हिराशिवाय कोणी बघितलं नाही.

तासाभरानं फोन आला. "आये," वेदिकाचा आवाज ओळखू येईना. "तिच्या डोक्यात रक्त झालाय. ऑपरेशनला नेलानी. आम्ही हॉस्पिटलातच आहोत. आये, तू आत्ताच्या आत्ता आप्पांकडं जा. ती जगेल काय, कौल लाव. देवीन मला उजवा दिलान ना, ती आपला ऐकेल. जा ना गो!"

हिरा अनवाणीच धावली. आप्पा देऊळ बंद करत होते. सगळं ऐकून त्यांनी कडी परत काढली. मग म्हणाले, "दिवेलागणीनंतर रीत नाय. पण लावतंय."

त्यांनी तांदूळ भिजवले. पहिला दाणा बोटावर घेतला आणि हिरानं त्यांचा हात धरला.

"नको, आप्पा. डावा पडला तर मी तिला परत उजवाच सांगेन. मला मी ठावं हाय. नुसता गाऱ्हाणा घाला."

"कुणाच्या नावान?"

"तिच्याच. सिग्ने." या वेळी नाव नीट आलं. "गाव एस्बियर्ग. बंदरावरची माणसा हत, आपल्यासारखी."

"आईचा नाव?"

"म्हायत नाय. पण हाय ती. मी बघितला तिला."

आप्पांनी तेवढ्यावरच गाऱ्हाणं घातलं. ते संपायच्या आतच फोन वाजला.

"काय पडला?"

हिरानं डोळे मिटले. "कौल लावला नाय मी. बाय, मागचा उजवा नव्हता. डावा होता. देवी नको म्हणाली होती. मी खोटा बोलले तुझ्याकडं."



"तुला ठावं होता," वेदिका म्हणाली.

"मला वाटला तुझाच काय तरी होईल. महिनाभर मी तुझ्यासाठी भिऊन मेले. तिचा माझ्या मनात पण आला नाय, बाय. देवाशप्पथ, एकदाही नाय."

वेदिकानं फोन ठेवला नाही. तिचा श्वास ऐकू येत होता. कुठेतरी दार उघडल्याचा आवाज झाला, कोणी दोन शब्द बोललं, आणि लगेच एका बाईचा आवाज आला. भाषा कळण्यासारखी नव्हती. पण ते बोलणं नव्हतंच, हंबरडा होता.

"कोण गो ती?" हिरानं विचारलं, जरी तिला कळलं होतं.

"तिची आई," वेदिका म्हणाली.