लॅन म्हणजे लहान

"लॅन म्हणजे?"

"लहान जाळं. एका इमारतीतल्या कॉम्प्युटरांचं."

"मॅन?"

"मधलं. शहरभर पसरलेलं."

"वॅन?"

"वाढलेलं. देशोदेशी गेलेलं. अगं, किती वेळा विचारशील?"

तोंडी परीक्षेच्या खोलीबाहेर बाकावर बसून मी आमच्या ह्यांची उजळणी घेत होते. या हॉस्पिटलात मी एकोणीस वर्षं नर्स आणि हे तितकीच वर्षं हंगामी वायरमन. छताखालच्या पोकळीत सरपटत जाऊन यांनी इथला एकेक कॉम्प्युटर जोडला. पण कायम व्हायचं तर ही परीक्षा पास व्हायला हवी, आणि वयामुळे ही शेवटचीच संधी होती. इंग्रजी नावं काही केल्या यांच्या डोक्यात राहीनात, म्हणून पहिल्या अक्षरावरून मराठी शब्द लावायची ही युक्ती मी काढली. स्वतःवर भलतीच खूश होते मी.

शिपायाने यांना आत बोलावलं. दार अर्धवट उघडंच राहिलं. मी कान टवकारले.

"आकारावरून नेटवर्कचे प्रकार सांगा," परीक्षक बाई म्हणाल्या.

"लहान, मधलं आणि वाढलेलं!" हे खणखणीत आवाजात म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. आत कुणीतरी खुदकन हसलं.

"बरं. जोडणीवरून? रिंग आणि स्टारमध्ये फरक काय?"

हे मी शिकवलंच नव्हतं.

"मॅडम, रिंगमध्ये सगळे हात धरून गोल उभे. एकाने हात सोडला की सगळ्यांची बोंब. स्टारमध्ये सगळ्यांच्या वायरी मधल्या डब्याला, म्हणजे स्विचला. एक तुटली तर त्या एकाचंच अडतं. पण डबाच बंद पडला, तर सगळं घर ठप्प."

"घर?"

"आमच्या घरी मधला डबा ही आहे," हे अजिजीने म्हणाले. "बाहेर बसलीय."

आत हसण्याचा स्फोट झाला. मला कुठे तोंड लपवू असं झालं, आणि खोटं कशाला सांगू, आनंदही झाला.

तासाभराने बाई स्वतः बाहेर आल्या. "नावांचे गुण कापलेत," त्या यांना म्हणाल्या, "बाकीचे पूर्ण दिलेत. पास झालात." मग माझ्याकडे वळून हसल्या, "डबा छान चालतोय."

मी यांचा हात घट्ट धरला. कोण बघतंय याची पर्वा केली नाही.

शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने हंगामीचा पिवळा बिल्ला परत मागितला. यांनी तो काढला, बाहीने पुसला आणि दोन्ही हातांनी त्याच्यासमोर ठेवला. सदऱ्याच्या खिशावर पिनेची दोन बारीक भोकं उरली. हे त्यांवरून बोट फिरवत राहिले.