फोनवरची खुर्ची

आमची कंपनी फर्निचर सुट्या भागांत विकते. घरी नेऊन ज्याचं त्याने जोडायचं, अडलं की फोन करायचा. बाळंतपणाच्या रजेनंतर मला फ्रेंच गिऱ्हाइकांच्या टेबलावर जागा मिळणार होती, पण अट होती. गुरुवारी अकराला साहेब घरी फोन करतील, त्यांच्यापुढे खुर्चीचे सुटे भाग असतील आणि मी ती नुसत्या फ्रेंच बोलण्यातून त्यांच्याकडून उभी करून घ्यायची. नाही जमलं, तर जागा दुसरीला.

क्रियापदं येत होती. घोडं अडत होतं ते वर, खाली, आत, मागे यांपाशी. स्युर, सू, दाँ, देरिएर. पोर सकाळी चाळीस मिनिटं झोपे, तेवढाच माझा वेळ. तसलीच खुर्ची आमच्याकडेही होती. ती रोज सुटी करायची, आणि सासूबाईंनी गिऱ्हाईक व्हायचं. तेवढे शब्द त्यांनी माझ्याबरोबरच पाठ केले होते.

"सू," मी म्हणाले, आणि बोट फळीखाली गेलं.

"बोट फोनमधून जातं का गं?"

"सवय आहे हो, आई."

तेवढ्यात पोर कुरकुरलं. त्यांनी ते उचलून माझ्या हातात दिलं. "दोन्ही हात गुंतव आणि बोल."

उबदार डोकं कोपरात धरून मी हनुवटीने दाखवू लागले. सासूबाई पेचकस घेऊन सरळ पाठमोऱ्या बसल्या. मी म्हणाले तसंच करत गेल्या, आणि खुर्चीची पाठ नेमकी पुढच्या बाजूला लागली.

"तू म्हणालीस मागे. कुणाच्या मागे ते नको सांगायला?"

मी पुन्हा सुटी केली. मंगळवारी दोनदा, बुधवारी तीनदा. आधी खुर्चीचं तोंड कुठे ते विचारायचं, मग प्रत्येक वेळी त्या भागाचं नाव घ्यायचं. पोर माझ्या आवाजाने झोपायला शिकलं, एवढे ते शब्द मी त्याच्या कानाशी घोकले.

गुरुवारी फोन आला. सासूबाई पोराला घेऊन बाहेरच्या जिन्यावर जाऊन बसल्या.

साहेब मुद्दाम अडाण्यासारखं वागत होते. "स्क्रू जात नाही," म्हणाले.

"फळी तुमच्यापुढे कशी आहे?" मी फ्रेंचमध्ये विचारलं. "भोकं भिंतीकडे की तुमच्याकडे?"

भिंतीकडे होती. फिरवायला लावली. एकदा 'वर'च्या जागी 'आत' म्हणून गेले. पण थांबले नाही. "चुकलं माझं. काढा तो स्क्रू. बैठकीच्या आत नाही, बैठकीच्या वर." दुसऱ्यांदा पायांची अदलाबदल झाली, तीही निस्तरली.

फरशीवर काहीतरी सरकल्याचा आवाज आला.

"बसलोय," साहेब म्हणाले. "सोमवारी नऊला या. पण कपाटाचे फोन जास्त येतात, ध्यानात ठेवा."

जिन्यावर जाऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांनी झोपलेल्या पोराचं टोपडं सारखं केलं.

"आपल्या घरातल्या कपाटाला फळ्या किती?"

"चौदा."

"मग उभी काय राहिलीस? झोपलंय तोवर पहिल्या चार तरी होतील."