कालिंदीच्या हयातीचा दाखला

माणूस कोणता आणि यंत्र कोणतं, हे ओळखणं हा या शतकातला सर्वांत गहन प्रश्न आहे. बनारसच्या एका विद्यापीठात १९९७ साली तो सोडवायचं काम यज्ञेश्वर शेवडेकडे आलं, कारण त्या आठवड्यात प्रिंटर बिघडला होता आणि त्याला दुसरं काम नव्हतं.

"शेवडेजी, ये तो पक्का मशीन है," विभागप्रमुख काशीनाथ मिश्र त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले. "लिख के दे दूँ?"

पडद्यावर चित्र वगैरे काही नव्हतं, नुसती रोमन अक्षरं. कॉम्प्युटर विभागातल्या पोरांनी काशी शहरावर एक खेळ रचला होता आणि चार-पाच गावच्या विद्यापीठांतून लोक तारेवरून एकाच वेळी त्यात शिरत. 'उत्तरेला जा' असं टाइप केलं की पडदा सांगे, तुम्ही बालाजी घाटावर आहात. वाटेत राक्षस मारायचे, सोनं गोळा करायचं. पण पोरं बनारसची. त्यांनी आपल्या जागी खेळणारे छोटे प्रोग्राम लिहिले. त्यांना बॉट म्हणत. बॉट चोवीस तास राक्षस मारत आणि पोरं चहाच्या दुकानात देश चालवत. लाइन तुंबली, प्राध्यापकांची पत्रं अडकली, तेव्हा मिश्रजींनी फर्मान काढलं: बॉट हुडकून काढा, नाहीतर खेळ बंद.

यज्ञेश्वर एकोणीस वर्षं तिथे ऑपरेटर होता. त्याने रोजच्या नोंदी काढून तीन कसोट्या ठरवल्या. पहिली वेळेची: माणूस एक आज्ञा झटकन देतो, दुसरी नाक खाजवून देतो, यंत्र ठोक्याला देतं. दुसरी वाटेची: माणूस चुकतो. तिसरी त्याची स्वतःची होती आणि तिचा त्याला अभिमान होता. खेळाडू लढाईत गुंतला असताना मध्येच विचारायचं, "सकाळी काय खाल्लं?" माणूस वैतागतो. यंत्र नम्रपणे तेच तेच उत्तर देतं.

कालिंदी नावाचा खेळाडू तिन्ही कसोट्यांत नापास झाला. रोज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी हजर. एकेका देवळापुढे जाऊन 'नमस्कार' टाइप करायचा, बरोबर बावीस सेकंदांनी पुढची वाट धरायची. दिवसाला सहा देवळं, त्याहून एक जास्त नाही. सोन्याला हात नाही. राक्षस आला तर मुकाट्याने मार खायचा आणि चालू लागायचं. न्याहारीचा प्रश्न तीनदा विचारला, तिन्ही वेळा उत्तर आलं, "ठीक." आणि निघताना रोज एकच शब्द: 'येते'.

"ये 'येते' क्या है?" मिश्रजींनी विचारलं. "जाता है, और बोलता है येते. कोई कोड है?"

मंगला गौरीच्या गल्लीतल्या त्याच्या घरातून चार पिढ्यांत कुणी 'जातो' म्हणून बाहेर पडलं नव्हतं. लहानपणी एकदा तो तसं म्हणाला, तर आईने परत बोलावून पाटावर बसवलं होतं. निघताना 'येते' म्हणणारं यंत्र जगात कुणी बनवलेलं नाही, हे त्याला त्याच क्षणी कळलं.

पण मिश्रजींचा हात त्याच्या खांद्यावर होता. "उन्नीस साल में," ते म्हणत होते, "इस डिपार्टमेंट में पहली बार किसी ने दिमाग लगाया है."

"कोड ही होगा, सर," यज्ञेश्वर म्हणाला, आणि त्याने कालिंदीला काढून टाकलं.

घरी त्याने भात अर्धा टाकला. शरदिनीने ताटाकडे पाहिलं.

"काय झालं हो? तबियत ठीक नाही का?"

"एका बाईला काढलं आज."

"नोकरीवरून?"

"खेळातून."

"अगबाई. कोण बाई?"

"बाई आहे की नाही, तेच ठरवायचं होतं."

"आणि ते तुम्ही ठरवलंत?" शरदिनी ताक वाढत म्हणाली. "मी चष्मा लावायला लागले ते तुम्हाला आठ महिन्यांनी दिसलं."

पुढच्या तीन आठवड्यांत यज्ञेश्वरची कीर्ती वाढली. त्याच्या कसोट्यांचा अहवाल थेट कुलगुरूंपर्यंत गेला. पकडलेल्यांच्या यादीत कालिंदी पहिली होती. इकडे पोरांना तिन्ही कसोट्यांचा सुगावा लागायला दोन दिवस पुरले. त्यांनी आपापल्या बॉटना आज्ञा देताना अडखळायला शिकवलं, वाट चुकायला शिकवलं, आणि न्याहारीबद्दल विचारलं की अस्सल बनारसी शिवी द्यायला शिकवलं. शिवी आली की यज्ञेश्वर 'माणूस' अशी खूण करी. लाइन पुन्हा तुंबली.

मग एक दिवस रजिस्टर पोस्टाने पुण्याचं पाकीट आलं. आत एका संशोधन संस्थेचा छापील हयातीचा दाखला होता, पेन्शनवाल्यांना लागतो तसला. 'प्रमाणित करण्यात येते की श्रीमती पद्मा रिसबूड, ग्रंथालय लिपिक, या आज रोजी हयात आहेत.' 'हयात' या शब्दापुढे शाईने 'व मनुष्य' असं घुसडलं होतं आणि त्या दुरुस्तीवर साहेबांनी वेगळी सही केली होती. खाली गोल शिक्का. सोबत पत्र.

'खेळाचे व्यवस्थापक यांस, सा. न. वि. वि. मी जेवणाच्या सुट्टीत ग्रंथालयाच्या कॉम्प्युटरवर कालिंदी या नावाने येत असे. माझ्या सासूबाईंना काशीची पंचक्रोशी करायची होती, पण कमरेचं हाड मोडून त्या अंथरुणाला खिळल्या आहेत. वाटेवरची एकशे आठ ठिकाणं क्रमाने आहेत असं तुमच्या खेळाच्या सुरुवातीला लिहिलं आहे. म्हणून रोज सहा करत असे आणि संध्याकाळी त्यांना सांगत असे. प्रत्येक ठिकाणी अकरा वेळा नाव घेते, त्याला बावीस सेकंद लागतात. नियमात बसत नसल्यास कमीजास्त करीन. सकाळच्या खाण्याबद्दल विचारणा झाली होती. त्या दिवसांत मी एकभुक्त होते, तेव्हा काय लिहावं कळलं नाही. सत्तेचाळीसाव्या ठिकाणी असताना मी यंत्र असल्याचं कळवण्यात आलं. पुढचं मनाने रचून सांगणं बरं वाटत नाही. सासूबाईंना रस्ता खचल्याचं सांगितलं आहे.'

यज्ञेश्वरने पत्र दोनदा वाचलं. दाखला मात्र त्याला दुसऱ्यांदा वाचवेना. मग त्याने कालिंदीला पुन्हा खेळात घेतलं, सत्तेचाळीसाव्या देवळापुढे उभं केलं, आणि पुण्याच्या ग्रंथालयाला फोन लावून निरोप ठेवला.

दुसऱ्या दिवशी एक वाजून दहा मिनिटांनी ती आली.

"माफ करा," त्याने टाइप केलं. "तुमची जागा होती तिथेच ठेवली आहे."

"खंड पडला," उत्तर आलं. "पहिल्यापासून करते."

एकशे आठ भागिले सहा, अठरा दिवस. तो गणित करत होता तेवढ्यात मिश्रजींचा शिपाई नोटीस चिकटवून गेला: लाइन तुंबत असल्यामुळे खेळ पुढच्या आठवड्यात मंगळवारी संध्याकाळी बंद. मध्ये नऊ दुपारी होत्या, आजची धरून.

यज्ञेश्वर मिश्रजींच्या खोलीत गेला. बसा म्हटलं तरी बसला नाही.

"सर, वो कालिंदी मशीन नहीं थी."

"कौन कालिंदी?"

"रिपोर्ट में पहला नाम. औरत हैं, पूना की. मुझे उसी दिन मालूम था, सर. 'येते' हमारे घर का शब्द है."

मिश्रजींनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "तब बोले काहे नहीं?"

"आप तारीफ कर रहे थे."

मिश्रजींनी उठून खिडकीबाहेर पिंक टाकली. "शेवडेजी," मिश्रजी शेवटी जरा नरमाईने म्हणाले, "रिपोर्ट तो ऊपर चली गई. उसमें लिखा है सौ प्रतिशत सही."

"नौ दिन और दे दीजिए. उनकी यात्रा है."

"मशीन पर रिजल्ट निकालना है भाई, ग्यारह हज़ार लड़कों का. मंगल तक. बस."

यज्ञेश्वर रोज दुपारी डबा न उघडता पडद्यापुढे बसू लागला. नमस्कार. बावीस सेकंद. नमस्कार. बॉट तिच्या आजूबाजूला राक्षस मारत होते, एकमेकांना शिव्या देत होते आणि तो त्यांच्यापुढे माणूस अशी खूण करून बसला होता. खेळ बंद होणार हे तिला सांगायचं तो रोज ठरवी. रोज सहा देवळं होत आणि राहून जाई. मंगळवारी चोपन्नावं झालं, तेव्हा त्याने लिहिलं.

"आज खेळ बंद होतोय. चूक माझी. उरलेली चोपन्न ठिकाणं छापून तुम्हाला पाठवतो. सासूबाईंना वाचून दाखवा."

या वेळी बावीसपेक्षा जास्त सेकंद गेले.

"चालेल," उत्तर आलं. "फक्त क्रम मोडू नका."

प्रिंटर दुरुस्त होऊन आला होता. यज्ञेश्वरने नवीन कागद लावला, पोरांची नकाशाची फाइल उघडली आणि पंचावन्नाव्या ठिकाणापासून छापायला घातली. प्रिंटर अर्ध्या पानावर थांबला. तो पुन्हा बिघडला असेल म्हणून यज्ञेश्वरने झाकण उघडून पाहिलं, मग फाइल पाहिली. बासष्टाव्या ठिकाणाखाली एका पोराने लिहून ठेवलं होतं, 'बाकी इम्तहान के बाद'.

परीक्षा होऊन दीड वर्ष झालं होतं. बासष्टच्या पुढे कुणी काही केलं नव्हतं.