घेवड्याचा खेळ

बैलगाडी उलटून जयवंताच्या डोक्याला मार लागला, त्याला तीन महिने झाले होते. जखम भरली, हातपाय पहिल्यासारखे चालू लागले; शब्द मात्र हाती लागेनात. तांब्या घेवडा, बैल घेवडा, पोटची पोर इंदी, तीही घेवडा. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, मेंदूला इजा झालीय, पण समज शाबूत आहे. सावळारामआबांनी हे गावात कुणाला कळू दिलं नाही. लेकाला लोक खुळा म्हणतील, ही धास्ती. नातीनं विचारलं तेव्हाही म्हणाले, "गंमत करतोय गं तुझी."

सात वर्षांच्या इंदीला ते पटलं.

इंदापूरच्या बाजारात तिघं भाजी विकायला बसली होती; आबा शेजारच्या बागवानाशी बोलत होते. इंदीनं पाटीतलं वांगं उचललं. "आप्पा, हे काय हाय?"

"घेवडा."

"आन् ह्यो?" तिनं त्याच्या हातात मुळा दिला.

"घे... घेवडा."

माणसं जमली. "ए पोरी, माझं नाव इचार की त्याला!" एक पटकेवाला ओरडला. हशा पिकला. इंदी टाळ्या पिटू लागली. आबा वळून बघतात तो जयवंता मुळा धरून नुसते ओठ हलवतोय, आणि गालांवरून पाणी ओघळतंय.

इंदी आबांना बिलगली. "आबा, गमतीत कुणी रडतं व्हय?"

आबांची मान खाली गेली. हा खेळ पोरीला शिकवला कुणी? त्यांनीच. ते तिला घेऊन पाटीमागं बसले.

"इंदे, पाट फुटला की काय हुतं?"

"पानी भलत्याच वाफ्यात जातं."

"मग हिरीत पानी नसतं का?"

"असतं की!"

"तसंच हाय बघ. आप्पाच्या डोक्यात पाट फुटलाय. मुळा त्याला कळतोय, शब्द जातो घेवड्यात. आपण हसलो, तेबी कळतंय."

इंदीनं वळून आप्पाकडं पाहिलं. मग म्हणाली, "मंग तुमी खोटं का सांगितलं?"

"त्याची लाज वाटली मला, बाळ. आता माझी वाटती."

तेवढ्यात पटकेवाला परत आला. "काय आबा, घेवडा कसा दिला?" म्हणत त्यानं मुळ्यांकडं बोट केलं.

इंदीनं आबांकडं पाहिलं. आबा उठले.

"माझ्या लेकाच्या मेंदूला मार लागलाय. समदं समजतं त्याला, शब्द तेवढा चुकतो. मुळा पायजे आसंल तर त्याच्याकडनं घ्या."

पटकेवाल्याचं हसू विरलं. त्यानं मुकाट्यानं दोन बोटं दाखवली. जयवंतानं दोन जुड्या उचलून त्याच्या हातात दिल्या.

"घेवडा," तो हळूच म्हणाला.

"व्हय, आप्पा," इंदी म्हणाली. या वेळी ती हसली नाही.