सरासरीची रेघ

बाईंचा हात फळ्यावर होता आणि जीव घरी. शाळेत त्या गणिताच्या बाई, घरी बबडीची आई. बबडीला वर्ष होऊन बरेच दिवस लोटले होते, पण ती अजून चालत नव्हती. धरून उभी राहायची, पाऊल म्हणून टाकायची नाही. रांगायची मात्र अशी, की मागे धावणाऱ्याची दमछाक!

डॉक्टरांनी तिचे पाय वाकवून, वळवून पाहिले. "काही दोष नाही. सरासरीपेक्षा थोडा उशीर होतोय, एवढंच. वाट पाहू."

'वाट पाहू' हे बाईंच्या कानात शिरलंच नाही. 'सरासरी' तेवढं शिरलं आणि ठाण मांडून बसलं. त्यात जाऊबाईंचा फोन. त्यांचा लेक बबडीच्याच वयाचा.

"आमचा तर नुसता उधळलाय गं! तुमच्या महाराणी अजून बैठकीतच का?"

झालं. बाईंनी घरात शिकवणीच लावली. दूध तापेपर्यंत, कपडे वाळत घालता घालता, शाळेला निघताना एक चप्पल पायात नि एक दारात, मिळेल त्या फटीत बबडीला उभं करायचं, मागे सरकायचं आणि दोन्ही हात पुढे करायचे. "ये, ये माझी राणी!" आधी बबडी हसायची. मग नुसती बघायला लागली. आणि आता तर आईचे हात पुढे आले, की धप्पकन बसायची, ओठ काढायची आणि तरातरा रांगत आजीकडे पळायची.

आज वर्गात नेमकी सरासरी होती. बाईंच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांच्या उंच्या मोजून झाल्या, बेरीज झाली, भागाकार झाला, आणि जेवढं उत्तर आलं तेवढ्या उंचीवर त्यांनी दाराशेजारच्या भिंतीवर खडूने रेघ ओढली.

"या उंचीचं कोण आहे? चला, रेघेखाली उभे राहा."

एकेक जण येऊन उभा राहिला. कोणाचं डोकं रेघेच्या वर, कोणाचं खाली. रेघेला बरोब्बर टेकणारं कोणीच नाही. सगळ्यात उंच मुलीला वर्ग 'शिडी' म्हणायचा, सगळ्यात बुटकीला 'लवंगी'.

"बाई, शिडीची थोडी कापून लवंगीला जोडा, म्हणजे दोघी रेघेत बसतील!" मागच्या बाकावरून सल्ला आला.

लवंगीने तिकडे लक्षच दिलं नाही. मान वर करून ती रेघेकडे बघत होती. "बाई, मग ही रेघ आहे तरी कोणाची?"

"सगळ्यांची मिळून निघाली, पण एकट्या कोणाचीच नाही. बोलताना आपण सरासरी म्हणतो आणि मनात धरतो, की निदान एवढं तरी हवंच. गणितात तसं काही नसतं. काही जण वर असतात, तसे काही खाली असायचेच."

"म्हणजे मी नापास नाही ना?"

"उंचीत कोणी नापास होतं का, वेडे?"

वर्ग खो-खो हसला. बाईंना हसू आलं नाही.

घरी पोचल्या तेव्हा बबडी स्टुलाला धरून उभी होती. आईला पाहून तिचा चेहरा फुलला. आणि चप्पल काढायच्या आतच, सवयीने, बाईंचे हात पुढे गेले. बबडीचा चेहरा मिटला. धप्पकन खाली बसून तिने पाठ फिरवली.

सासूबाई पालेभाजी निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं. "पुरे आता. पोर तुझ्या हातांना भ्यायला लागलीय गं."

"पण आई, डॉक्टर म्हणाले ना, सरासरीपेक्षा..." बाईंचं वाक्य तिथेच थांबलं.

त्या भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून टाकले. बबडीने हळूच वळून पाहिलं. हात कुठे गेले? ती रांगत जवळ आली, डावीकडून डोकावली, उजवीकडून डोकावली. मग आईच्या खांद्याला धरून उभी राहिली, गालावर लागलेला खडू बोटाने पुसला, बोट चाटून पाहिलं, तोंड वाकडं केलं.

आता हात धरला तर? एकदाच. एकच पाऊल. बाईंची बोटं मांडीखाली वळवळायला लागली.

तेवढ्यात बबडी अख्खी मांडीत येऊन बसली, आणि तिच्या भाराने ते हात तिथेच दबून राहिले.