चौथ्या मजल्यावर साहित्य

आपल्या विजयाची गोष्ट आपणच सांगावी, हे मला जरा आगाऊपणाचं वाटतं. पण सत्तर वर्षांत असे विजय माझ्या वाट्याला दोन-तीनच आले, आणि त्यांतल्या या एकात मी काय केलं, तर जिना चढलो. तेव्हा वाचणाऱ्याने फार अपेक्षा ठेवू नये.

आम्ही राहायचो ती इमारत पाडायची ठरली होती. महिनाअखेर घर सोडायचं होतं. मी आणि माझ्याहून चार वर्षांनी मोठी ताई, दोघंही बिनलग्नाचे, एकोणतीस वर्षं त्या घरात भाड्याने राहिलो. ती वीज कंपनीत मीटर वाचायची, मी ग्रंथालयात पुस्तकं लावायचो. आमच्या दोन पेन्शनी एकत्र केल्या तरी या शहरात त्यातून घर मिळणं कठीण होतं, आणि परवडणारं सापडलंच तर मालक आमचे पांढरे केस बघून दार लावून घेत. अशी सतरा दारं झाली. नाहीच मिळालं तर काय, हे भावाच्या मुलांनी ठरवून टाकलं होतं. ताई त्याच्या लेकीकडे, मी लेकाकडे. जुन्या कपाटांची व्हावी तशी आमची वाटणी झाली होती. दोन गावांमध्ये अकरा तासांचं अंतर.

अठरावं घर चौथ्या मजल्यावर होतं. लिफ्ट नव्हती, म्हणूनच भाडं आमच्या आवाक्यातलं होतं. मालकांची तळमजल्यावर लाँड्री होती. आम्ही गेलो तेव्हा ते एका शर्टाच्या बाहीला इस्त्री करत होते. एजंट, पंचविशीचा गुबगुबीत मुलगा, फॉर्म भरायला बसला.

"आजी-आजोबा, पती-पत्नीवर खूण करतो हं."

"खोड ते," ताई कडाडली. "याला मी टबात बसवून अंघोळ घातलीय. बहीण-भाऊ लिही."

मालक हसले, पण इस्त्री थांबली नाही. "हे बघा, तुम्ही चांगली माणसं दिसता. मागचा भाडेकरू साठीचा होता. दोन महिन्यांत गुडघे धरून चावी परत देऊन गेला. घर पाच महिने रिकामं पडलंय. आता तुमच्या पायांचा भरवसा कोण देणार?"

याचं उत्तर माझ्या खिशात होतं. रात्रभर विचार करून मी एका कार्डावर चार मुद्दे लिहून आणले होते. पण माझी नेहमीसारखी दातखीळ बसली. कार्ड खिशातच राहिलं.

"मी देते भरवसा," ताई म्हणाली. "तीस वर्षं दिवसाला ऐंशी-नव्वद जिने चढून मीटर वाचलेत. अजून चढेन."

"तुमचं ठीक आहे हो, बाई. यांचं काय?" मालकांनी इस्त्रीचं टोक माझ्याकडे वळवलं.

सगळे माझ्याकडे बघू लागले.

"दोघंही चढतो," ताईने परस्पर सांगून टाकलं. "कुठेही न बसता वर, आणि न बसता खाली. जमलं तर चावी आमची. बसलो तर आल्या पावली निघून जाऊ."

मालकांनी इस्त्री उभी केली. "कबूल. एजंटसाहेब, तुम्ही जा बरोबर. लबाडी नको."

जिन्याच्या तोंडाशी मी ताईचा पदर ओढला. "ताई, मला नाही जमणार. मी जन्मभर बसून काम केलंय."

"बसून?" ती वळली. "पुस्तक्या, तुझ्या त्या शिडीवर मग कोण चढायचं? मी?"

शिडी माझ्या ध्यानातच नव्हती. आमच्या ग्रंथालयातली कपाटं दोन पुरुष उंचीची, विषयांच्या ठरलेल्या क्रमाने लावलेली. डाव्या हातात पुस्तकांची चळत, उजवा हात शिडीला, असा मी दिवसभर वर-खाली करायचो. पण ते कष्टाचं काम आहे, असं मला कधी वाटलंच नाही. पुस्तकं जागेवर गेली की झालं.

मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. प्रत्येक मजल्याला दोन वळणं, वळणाला नऊ पायऱ्या. शिडीवर असताना मी वर बघायचो नाही, खालीही नाही. आपण कुठल्या विषयात आहोत, एवढंच बघायचं. तसंच इथेही केलं. पहिलं वळण तत्त्वज्ञान. दुसरं धर्म. तिसरं समाज. चौथं भाषा, तिथे दुसरा मजला आला आणि श्वास लागला. पाचवं विज्ञान. मागून धप्प आवाज आला. एजंट विज्ञानातच बसला होता.

"काका... तुम्ही... व्हा पुढे," तो म्हणाला. "मी... ऐकतो इथून."

त्याला बसलेला पाहिलं आणि माझेही गुडघे वाकायला लागले. सहावं वळण, तंत्रज्ञान, कसंबसं झालं. सातव्याच्या शेवटी मी कठडा घट्ट धरला. कानांत नुसती धडधड. बसावं, हात जोडावेत, आणि पुतण्याकडे जायची पिशवी भरावी, असं वाटलं. पुतण्या वाईट नाही. पण तिथे मला पुस्तक्या म्हणणारं कोणी नव्हतं.

"कुठवर आलास?" वरून ताईचा आवाज. तीही धापा टाकत होती.

"कला," मी म्हणालो.

एकोणतीस वर्षं माझ्याबरोबर काढलेली ती. तिला कपाटांचा क्रम पाठ होता. "मग पुढे साहित्यच की रे! जन्मभर तिथेच जायचं होतं ना तुला? ये."

नऊ पायऱ्या. मी एकेक मोजली.

दोन खोल्या होत्या. ताईने आधी मीटर तपासला, मग नळ सोडून पाहिला. मला दिसली ती एक लांबच लांब, बिनखिडकीची, कोरडी भिंत. हात लावून पाहिला. पुस्तकांसाठीच बांधल्यासारखी होती.

उतरताना ताईने एजंटची बॅग काखोटीला मारली. तो कठडा धरून आमच्या मागे येत होता.

"बसले कुठे?" मालकांनी खाली विचारलं.

"मीच बसलो," एजंट म्हणाला.

मालक इतके हसले की गिऱ्हाईकंही हसायला लागली. त्यांनी खिळ्यावरची चावी काढून ताईपुढे धरली. ताईने माझ्याकडे बोट दाखवलं. मी ओंजळ पुढे केली.

"सामान बरंच असेल?" मालकांनी विचारलं.

"चाळीस खोकी पुस्तकं," मी म्हणालो. "मी चढवीन. रोज दोन." माझा आवाज दुकानभर ऐकू गेला. मलाच दचकायला झालं.

बाहेर येऊन ताई भिंतीला टेकली. "उजवा गुडघा ठणकतोय. कोणाला बोललास तर बघ."

"माझे दोन्ही."

मग तिने वर पाहिलं. "गच्ची बघायची राहिली रे. तुझ्या कपाटात साहित्याच्या पुढे काय असतं?"

"इतिहास."

"चल मग."

मी चावी मुठीत धरली आणि पुन्हा जिन्याकडे निघालो. या वेळी मी पुढे होतो.