धुक्यातला मनोरा

तात्या पडले तो खांब काही फार उंच नव्हता, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत. आयुष्यभर विजेच्या खांबांवर चढलेला माणूस, वादळात तुटलेल्या तारा जोडून आलेला, आणि एका साध्या कोरड्या सकाळी कमरेच्या पट्ट्याची कडी निसटली. पायाचं हाड मोडलं. डॉक्टरांनी आत सळई बसवली, वरून प्लास्टर चढवलं आणि त्यांना पलंगाला खिळवून टाकलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तात्या एकच ऐकवत, की हे प्लास्टर निघू दे, दुसऱ्या दिवशी खांबावर दिसतो की नाही बघा.

लेकीने नवऱ्याचा जुना लॅपटॉप पाठवला तेव्हा तात्यांनी नाक मुरडलं. जावई दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायचा. काम नेटकं, माणूस सरळ. पण एवढा बाप्या सुट्टीच्या दिवशी गेम खेळत बसतो, हे तात्यांना लग्नाआधीच कळलं होतं आणि तेव्हापासून ‘जावईबापू’ म्हणताना ते आवाजात जरा जास्तच आदर मिसळत. लॅपटॉपही गेमवाल्यांचाच होता. जाडजूड, काळा, बटणांच्या फटींतून लाल उजेड. बायको म्हणाली, निखारे घातलेत की काय आत.

पण पडून राहणाऱ्याची दुपार काही केल्या सरत नाही. खिडकीच्या पडद्यातून पिवळट ऊन यायचं, गोळीची गुंगी डोळ्यांवर असायची, बायको कामावर गेलेली. एक दिवस तात्यांनी मांडीवर उशी घेतली, उशीवर लॅपटॉप ठेवला आणि लेकीने फोनवर सांगितलं होतं तसं पहिलं चित्र दाबलं.

हिरवी दरी उघडली. दरीच्या मधोमध दगडी मनोरा, ढगांत गेलेला. खाली झगा घातलेला एक माणूस उभा. त्यात ना मारामारी होती ना कोणी मागे लागत होतं. त्या माणसाला मनोऱ्यावर चढवायचं, एवढंच. तात्या हसले. चढणं त्यांना शिकवायला नको होतं. पाय कुठे टेकवावा, हात कधी सोडावा, कुठल्या कडेवर भार टाकू नये, सगळं बोटांना आपोआप कळू लागलं.

थोडा वेळ झाला की दरीत धुकं उतरायचं. आधी झाडांची पानं एकमेकांत मिसळायची, मग दगड लोकरीसारखे मऊ दिसायला लागायचे. लॅपटॉपमधून वारा सुटल्याचा आवाज वाढत जायचा. तात्यांना वाटलं, हे गेममध्येच असेल. उंचावर धुकं असतंच, वाराही असतो. त्या मऊ पांढरेपणात ते चढत राहायचे. कधी डोळा लागायचा आणि झोपेतही हात दगड शोधत असायचे. जागं झाल्यावर कुठलं चढणं खरं आणि कुठलं झोपेतलं, हे सांगता आलं नसतं. मांडी ऊबदार झालेली असायची. इतकं हलकं त्यांना पडल्यापासून कधीच वाटलं नव्हतं.

धुकं रोज लवकर येऊ लागलं. बायकोने एकदा डोकावून पाहिलं आणि म्हणाली, तुमचा चष्मा पुसा. पुसला. गोळीचा दोष असेल म्हणून एक दिवस गोळीच टाळली. पाय ठणकला, धुकं होतं तसंच. ऊब वाढत वाढत चटका बसायला लागला. आणि एका दुपारी, मनोरा जवळजवळ सर होत आलेला असताना, लॅपटॉपचा पडदा एकदम काळा झाला.

तात्यांनी आजवर जावयाला आपणहून कधी फोन केला नव्हता. त्या दिवशी केला. जावयाने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की लॅपटॉप ठेवता कशावर. उशीवर, तात्या म्हणाले. मग तो म्हणाला, रविवारी येतो, तोवर चालू करू नका.

रविवारी तो कवळ्यांच्या कामातली बारीक हत्यारं घेऊन आला. पलंगाशेजारी टेबल ओढलं, लॅपटॉप पालथा घातला आणि तळाची जाळी दाखवली. हे त्याचं नाक, तुम्ही त्याच्यावर उशी दाबून धरली होती, असं त्याने इतक्या अदबीने सांगितलं की तात्यांना रागावताही येईना. झाकण उघडल्यावर मात्र त्याने स्वतःचेच कान पकडले. पंख्यावर धुळीचा घोंगडीसारखा थर बसला होता, आणि तो काही पलंगावरचा नव्हता, जावयाच्याच घरचा, जुना होता. पाती बोटाने धरून, मऊ ब्रशने त्याने थर काढला. चिपवरचा, उष्णता ओढून घेणारा लेप वाळून खपली झाला होता. तो पुसून नवा लावला, मुगाच्या दाण्याएवढा. तात्या टक लावून बघत होते. घाई न करणारा हात त्यांना ओळखू येत असे.

मग जावयाने सगळं समजावलं. यंत्र तापलं की गेम स्वतःच चित्र ढोबळ करतो, म्हणजे यंत्राला कष्ट कमी होतात. शिवाय चित्र काढायचं काम मोठ्या चिपऐवजी लहान चिपकडे गेलं होतं, तेही त्याने बदललं. म्हणजे धुकं नव्हतंच? तात्यांनी विचारलं. नव्हतं, जावई म्हणाला. यंत्राला धाप लागत होती.

लॅपटॉपखाली भाजी चिरायची फळी ठेवली आणि दरी पुन्हा उघडली.

पान न् पान वेगळं दिसत होतं. झग्याच्या शिवणीसुद्धा. तात्या कौतुकाने चढू लागले, चांगले वर गेले आणि सवयीने खाली पाहिलं. खाली नदी होती. इतके दिवस ती दिसलीच नव्हती. काठावर नखाएवढं घर, घराजवळ ठिपक्याएवढी गाय, आणि मधे नुसती पोकळी, स्वच्छ, उन्हाने भरलेली.

त्यांची बोटं बटणांवरून उठली. तळहात ओले झाले. कडी निसटली त्या सकाळी झाले होते, अगदी तसेच.

तात्या म्हणाले, "मला खाली बघवत नाही."

"पुन्हा धूसर करून देतो," जावई हळूच म्हणाला. "एका ठिकाणी बदल केला की झालं."

तात्यांनी विचार केला. त्या लोकरीसारख्या दुपारी त्यांना फार प्रिय होत्या. "नको," ते म्हणाले. "दिसतंय ते दिसू दे. पण तुम्ही जरा बसा."

"उतरताही येतं, तात्या. त्यात गुण कापत नाहीत."

मग तो झगेवाला उतरू लागला. एक पाय, थांबायचं, खाली पाहायचं, श्वास घ्यायचा, दुसरा पाय. चहा निवून गेला. जावयाने एकदाही बटणांना हात लावला नाही. झगेवाल्याचे पाय गवतावर टेकले तेव्हा ऊन खिडकीच्या पडद्यावरून भिंतीवर सरकलं होतं, आणि तात्यांचे डोळे भरून आले होते. जावई खिडकीबाहेर बघत राहिला.

संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं, की आता आपल्याच्याने खांबावर चढणं व्हायचं नाही. ती कपडे घडी करत होती. "झोपेत पलंगाची कड धरून ठेवता तुम्ही," ती म्हणाली. "मला काय ठाऊक नव्हतं? तुम्ही म्हणायची वाट बघत होते."

प्लास्टर निघाल्यावर तात्या कुबड्या घेऊन कचेरीत गेले आणि साहेबांना तेच सांगितलं. साहेबांनी वाद घातला नाही. नव्या लोकांचे पट्टे तपासायचं काम त्यांना मिळालं. प्रत्येक कडी ते स्वतः ओढून बघतात. लोक मागून किटकिट्या म्हणतात, पण त्यांनी बाजूला ठेवलेला पट्टा कोणी परत उचलत नाही.

मनोऱ्यावर ते अजून चढतात, थोडेसेच. बाकी वेळ नदीच्या काठाने चालतात. जावईही आपल्या घरच्या यंत्रावरून, दुसरा झगा घालून, सोबतीला येतो. लेक कुरकुरते, की आता एकाऐवजी दोघं झाले. ही नदी जाते कुठे ते दोघांनाही माहीत नाही. परवा तिला फाटे फुटले, पाणी उथळ झालं, आणि उंच लव्हाळ्यांतून पांढरे पक्षी उठले. तात्यांनी चालणं थांबवलं. शेजारचा झगाही थांबला. पक्षी लांबवर दिसेनासे होईपर्यंत ते दोघं तसेच पाण्यात उभे होते.